दाराशी तो काय म्हणाला

१

रविवारी ऊन उतरायला लागलं की आमच्या घरात इस्त्रीचा वास येतो. मी सारंगचे गणवेश इस्त्री करत असते आणि सारंग पंख्याखाली फतकल मारून बुटांना पॉलिश करत असतो. खरं तर इस्त्रीही त्यानेच करायची, तसं त्यांना शिकवलेलं आहे. पण आठवडाभर टेकाँग बेटावरच्या सैनिकी छावणीत चिखलात लोळून आलेल्या पोराला दीड दिवस तरी आईचा हात लागावा, असं मला वाटतं.

इथे वाढलेल्या मुलांना शिक्षणाचा एक टप्पा संपला की दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. आम्ही पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास, घेतला तेव्हा सारंग पाळण्यात होता. सही करताना माझे यजमान पद्माकर म्हणाले होते, "अठरा वर्षं आहेत अजून. तोवर कोण कुठे असेल!" आम्ही कुठेही गेलो नाही. बेडोकच्या याच फ्लॅटमध्ये राहिलो. हे रोज पहाटे तुआसला जहाजांच्या कारखान्यात जात राहिले आणि पाळण्यातलं पोर दारातून वाकून आत यायला लागलं.

निघताना सारंग जड पिशवी खांद्याला अडकवतो. केस इतके बारीक कापलेले असतात की मानेवर उन्हाची रेघ दिसते. वरची कातडी पांढुरकी, खालची करपलेली. लोखंडी जाळीचं दार उघडून तो कॉरिडॉरमध्ये बूट चढवतो आणि म्हणतो, "ओके मा, आय गो फर्स्ट."

"काय म्हणायचं?"

"मा, लिफ्ट आली लाह."

"लिफ्ट परत येईल. काय म्हणायचं?"

"येतो, आई." टोल भरल्यासारखं म्हणतो. मग लिफ्टचं दार बंद होतं आणि माझा आठवडा सुरू होतो.

सांगलीला आमच्या घरात कुणी चुकून 'जातो' म्हणालं तर आई हातातलं काम टाकून उठायची. माणूस एकदाच जातो, म्हणायची. एरवी तो येतोच. मी बारावीपर्यंत शिकले, पुढे शिकण्याची फार इच्छा होती पण झालं नाही. मुलाला इथल्या अभ्यासात माझा काही उपयोग झाला नाही. हा एक शब्द मात्र मी त्याला दिला. तो इंग्रजीत विचार करतो, इंग्रजीत भांडतो, पण दारातून निघताना मराठी बोलतो.

२

अनघा आमच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहते. मूळची पुण्याची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि नाटकाचं वेड. गणपतीत मंडळाचं नाटक तीच बसवते. एकदा खाली बाजारात भाजी घेताना तिने मला गाठलं.

"नंदाताई, मला तुमचा आवाज हवाय."

"आणि माझी कोथिंबीर नको?"

"ऐका तरी. तुमच्या मराठीला अजून गावाचा वास आहे."

"सांगलीला गाव म्हणतेस?"

"बरं, शहराचा वास! पण आमच्यासारखी खिचडी नाही झालेली तुमची."

पहिल्या महायुद्धाच्या काळात इथल्या छावणीत काही हिंदुस्थानी शिपायांनी बंड केलं होतं. नंतर खटले चालले, पुष्कळांना गोळ्या घातल्या. त्यातल्या एका लहानशा खटल्यावर अनघा ऐकण्याचं प्रदर्शन करणार होती. लोकांनी कानाला हेडफोन लावून एका जुन्या बराकीतून फिरायचं आणि प्रत्येक खोलीत एकेका साक्षीदाराचा आवाज ऐकायचा. आरोपी तीन मराठी शिपाई. मी पलटणीच्या परटाची बायको व्हायचं, तिची साक्ष वाचायची.

रेकॉर्डिंग त्याच बराकीत होतं. बाहेर लांबलचक व्हरांडा, मोठमोठे पर्जन्यवृक्ष, हवा, उजेड. आतली खोली मात्र खोक्यासारखी. खिडक्या फळ्यांनी बंद केलेल्या, भिंतींना काळा स्पंज, दार जाड आणि फुगलेलं. एक खुर्ची, टेबल, माइक. समोर काच आणि काचेपलीकडे केल्विन नावाचा तरुण, आवाजाचं यंत्र सांभाळणारा. दार लावलं की बाहेरच्या जगाचा आवाज मधोमध कापल्यासारखा थांबायचा.

पहिल्या दिवशी अनघा सोबत होती. खटल्याचं सगळं इंग्रजीत होतं, कारण तेव्हा दुभाष्याने जे सांगितलं तेच कोर्टाने लिहून घेतलं. तिने ओळ वाचली, "ही सेड, आय ॲम कमिंग. आता हे मराठीत परत न्यायचं, ताई. 'तो म्हणाला, मी येत आहे.' असं कोण बोलतं? परटिणीच्या तोंडी कसं येईल?"

"'येतो म्हणाला,'" मी म्हणाले.

बोलले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"अगं बाई," अनघा हळूच म्हणाली. "तो नुसता निघाला होता."

तिघा आरोपींतला तो विशीतला पोरगा परटिणीच्या दाराशी धुतलेले कपडे न्यायला आला होता. कपडे घेतले, निघाला. त्याच रात्री शस्त्रांची कोठी फोडली गेली. दुभाष्या दुसऱ्या मुलखातला होता, त्याने शब्दाला शब्द ठेवला. 'मी येतो आहे.' कोर्टाने विचार केला, येतो म्हणजे परत येतो, आणि अशा रात्री परत येतो म्हणजे कुणाला तरी बरोबर घेऊन येतो. समोरच्या स्वयंपाक्याने साक्ष दिली की पोरगा अवाक्षर न बोलता गेला. पण न ऐकणाऱ्याच्या कानावरून शब्द निसटला असेल, ऐकणाऱ्याने तो हवेतून आणला नसेल, असं म्हणून कोर्टाने परटिणीचं खरं धरलं आणि पोराला गोळ्या घातल्या. बाकीच्या दोघांबद्दल 'काही न बोलता गेले' अशीच साक्ष झाली. ते सुटले.

"आपण हे खाली पाटीवर लिहू ना?" मी विचारलं. "की याचा अर्थ असा नव्हता म्हणून?"

"लिहू की. पण आवाजात नाही. आवाजात तिने जे सांगितलं तेवढंच."

मग अनघाने मला साक्षीदाराची शपथ वाचायला सांगितली. हेडफोनमध्ये कोर्टाच्या अधिकाऱ्याचा आवाज होता, लंडनच्या कुणा नटाने आधीच भरलेला. तो इंग्रजीत सांगत होता आणि मी मराठीत म्हणायचं. मला नाटक येत नाही. मी खरंच छातीवर हात ठेवला आणि विचारतील ते खरं सांगेन, म्हणाले.

काचेपलीकडून केल्विनने अंगठा दाखवला.

३

पुढच्या बुधवारी अनघा बँकेत होती. मी एकटी गेले. केल्विनने कोपी, म्हणजे इथली पिशवीतून मिळणारी कॉफी, आणून ठेवली होती, माझ्यासाठी कमी साखरेची. गुणी मुलगा.

हेडफोनमध्ये प्रश्न आला, तो दाराशी काय म्हणाला. मी उत्तर दिलं, "येतो म्हणाला."

"नाइस, आंटी," केल्विन म्हणाला. "लिसन फर्स्ट, ओके?"

त्याने ऐकवलं. प्रश्न. मग थोडी शांतता. मग माझा आवाज.

"'येतो, आई,' म्हणाला."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबले. "परत लाव."

त्याने परत लावलं. 'आई' होतंच. स्पष्ट, माझ्याच आवाजात. केल्विनला मराठी येत नाही, त्याला काय विचारणार? मी म्हटलं, चुकलं माझं, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं. या वेळी शब्द बोटाने धरल्यासारखे उच्चारले. ऐकलं तर तेच. 'येतो, आई.'

परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसून मी स्वतःची समजूत घातली. दर रविवारी जे कानावर पडतं तेच जिभेवर येणार. माझ्या वयाच्या बायकांचं असं होतंच. आमच्या शेजारच्या सुचित्रावहिनी नाही का, परवा देवापुढे हात जोडून दुधाचा हिशेब म्हणत होत्या? यात भिण्यासारखं काय आहे?

पण एक गोष्ट मनातून जाईना. चुकून बोललेलं आपल्याला स्वतःला ऐकू येतं. मी बोलताना मला ते ऐकू आलं नव्हतं.

४

त्यानंतरच्या खेपेला मी आधी बाहेर व्हरांड्यात उभी राहून ती ओळ म्हणून पाहिली. 'येतो म्हणाला.' नीट येत होती. आत गेले, दार लागलं, आवाज कापला गेला.

"तो दाराशी काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"कुठल्या दाराशी?"

हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये नव्हता. आणि तो मराठीत होता. आवाज तोच, लंडनचा, थकलेला, सभ्य. मला थांबता आलं असतं. पण कुणी नीट विचारलं की मी नीट उत्तर देते, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव आहे.

"लोखंडी जाळीचं दार आहे," मी म्हणाले. "बाहेर त्याचे बूट असतात."

"तुम्ही कुठे होता?"

"दारातच. माझ्या हातात त्याची पाण्याची बाटली होती. तो नेहमी विसरतो."

मग माझं मलाच कळलं की मी काय बोलतेय. मी हेडफोन उतरवले. काचेपलीकडे केल्विन डोकं हलवत होता.

"आंटी, व्हाय सो लाँग? ओन्ली वन लाइन, व्हॉट."

"तू किती प्रश्न लावलेस?"

"वन. ऑल्वेज वन."

संध्याकाळी अनघाचा फोन आला. केल्विनने पाठवलेलं तिने ऐकलं होतं. म्हणजे माझ्या डोक्यात नव्हतं ते. रेकॉर्डिंगमध्ये होतं.

"ताई, काय मस्त बोललात! ती बाटली तर अगदी... पण लोखंडी जाळी तेव्हाच्या परटाच्या झोपडीला कुठून येणार? जेवढं दिलंय तेवढंच बोला ना, प्लीज."

"अनघा, मधले प्रश्न ऐकू आले तुला?"

"कुठले मधले? तुम्ही एकट्याच बोलताय. मध्ये मध्ये थांबून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मला नाही जमायचं गं हे. दुसरं कुणीतरी बघ."

"आता? उद्घाटन तोंडावर आलंय, ताई. एकच ओळ राहिलीय. माझ्यासाठी?"

माझ्यासाठी म्हटलं की माझ्याने नाही म्हणवत नाही. ही माझी भीड मला कुठे कुठे घेऊन गेली आहे, ते मलाच ठाऊक. मी बरं म्हणाले. फोन ठेवताना सवयीने "येते बुधवारी," म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

५

शपथेचं मला त्या रात्री सुचलं नाही, सकाळी फोडणी देताना सुचलं. लहानपणी आम्ही कुणाला शपथ घातली तर काम झाल्यावर "सुटली म्हण" म्हणायचो. तसं म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही आणि मानेवर बसते. मला तर कुणीच सुटली म्हटलं नव्हतं.

हसायला येईल असंच आहे हे, मला ठाऊक आहे. तरी मी अनघाला फोन केला.

"सुटली, सुटली, सुटली!" ती हसत म्हणाली. "आणखी काही?"

पण तिने कुठे घातली होती?

बुधवारी गेल्यावर मी केल्विनला म्हटलं, तो नटाचा आवाज पुन्हा लावशील का, शपथेचा, अगदी शेवटपर्यंत. त्याने लावला. शपथ संपल्यावर नुसती खरखर होती. मी त्या खरखरीत कुणीतरी सुटकेचं काही म्हणतंय का, ते ऐकत बसले.

"आंटी, यू ओके? फेस व्हेरी व्हाइट."

"तू म्हण, सुटली."

"सुतली?"

"ट नाही जमत का रे? सु-ट-ली."

"सुतली," तो मनापासून म्हणाला, आणि मला हसू आलं. त्या खोलीत मी तेवढी एकदाच हसले.

राहिलेली ओळ घेतली. झाली एकदाची. केल्विन म्हणाला, मी कोपी घेऊन येतो, तुम्ही आवरा. त्याने आपल्या बाजूचा दिवा मालवला आणि गेला. मी पर्स उचलली, सवयीने रिकाम्या खोलीला "येते हं" म्हणाले आणि दाराची मूठ ओढली.

दार उघडलं नाही.

इथली हवा दमट, लाकूड फुगतं. मी पाय टेकवून ओढलं. मग थापा मारल्या. स्पंजने थापा पिऊन टाकल्या. आता केल्विन येईलच, आल्यावर उघडेल, अशी मी मनाला समजूत घातली आणि परत खुर्चीवर बसले. बसले तेव्हा टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता, भांड्यात माशी अडकावी तसा. मी ते कानाला लावले नाहीत. तरी ऐकू आलं.

"साक्षीदाराने बसावं. साक्ष संपलेली नाही."

"माझं वाचून झालंय," मी म्हणाले.

"वाचलेलं नको. पाहिलेलं हवं."

पलीकडचा दिवा मालवल्यामुळे समोरच्या काचेचा आरसा झाला होता. त्यात मी दिसत होते, पर्स मांडीवर घेऊन बसलेली, एखाद्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या बाईसारखी. माझ्यामागे स्पंजची काळी भिंत दिसायला हवी होती. भिंत नव्हती. एक लाकडी कठडा होता, आणि कठड्यापाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. मला फक्त मान दिसली. बारीक कापलेले केस. वर पांढुरकी कातडी, खाली करपलेली, मध्ये रेघ.

मी मागे वळून पाहिलं नाही. आई असून पाहिलं नाही. वळले असते तर त्यानेही वळून पाहिलं असतं, आणि मग तोंड ओळखावं लागलं असतं.

"रविवारपर्यंत तहकूब," आवाज म्हणाला.

दार उघडलं. केल्विन कोपीच्या पिशव्या हलवत उभा होता. "लॉक नॉट इव्हन देअर, आंटी," तो मूठ फिरवत म्हणाला. "जस्ट पुल."

६

शनिवारी सारंग आला तो घामाने आणि उत्साहाने निथळत. सोमवारपासून त्यांचा गोळीबाराचा सराव होता, खऱ्या गोळ्यांचा. जेवताना त्याने दोन्ही हात पुढे करून रायफल कशी धरायची ते दाखवलं आणि आमटीत कोपर बुडवलं.

मी त्याला म्हटलं, "या वेळी नाही गेलास तर?"

"मा, नॉट गोइंग मीन्स एडब्ल्यूओएल. दे विल चार्ज मी."

"म्हणजे?"

"म्हणजे खटला," हे ताटावरून मान वर न करता म्हणाले. "न सांगता गैरहजर राहणं हा गुन्हा आहे. तू काय बोलतेस, नंदा?"

सारंग झोपल्यावर मी यांना सगळं सांगितलं. यांचं एक चांगलं आहे, हे हसत नाहीत. ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तू त्या पोराची गोष्ट मनाला लावून घेतलीस. तो परका पोरगा, गेला त्यालाही शंभर वर्षं झाली. आपला इथे आत झोपलाय, घोरतोय बघ."

"पण रविवारी विचारणार आहेत. मी शपथेवर आहे. तो येतो म्हणाला तर मला खोटं नाही बोलता यायचं."

"मग जातो म्हणू दे."

"अहो!" मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"बरं, बरं. मग काय म्हणू दे?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "ते दोघं काहीच न बोलता गेले, म्हणून सुटले."

यांनी जरा वेळ विचार केला. तुआसला यंत्र बिघडलं की करत असतील तसा. "मग न बोलता पाठव," म्हणाले. "त्यात काय एवढं? झालं तुझं समाधान."

रविवारी सकाळी मी बेसन भाजायला घेतलं.

७

ऊन उतरलं. इस्त्री झाली. हे स्वयंपाकघरात भांडी घासायला उभे राहिले, नळाचं पाणी धो धो वाजत होतं. सारंगने पिशवी खांद्याला अडकवली, जाळीचं दार उघडून बाहेर बसला आणि बुटांच्या नाड्या बांधू लागला. तो मान खाली घालून बसला होता, आणि मी त्याच्या मानेकडे पाहायचं टाळत होते.

"ओके मा, आय..."

मी त्याच्या तोंडात लाडू कोंबला. अख्खा. मुठीएवढा वळला होता, मुद्दाम.

"म्म्!"

"बोलू नकोस. ठसका लागेल. नीट खा."

त्याचे डोळे मोठे झाले, मग हसले. त्याने बोट डोक्याशी नेऊन गोल फिरवलं, म्हातारी वेडी झाली अशी खूण केली. गाल फुगलेले, ओठांवर बेसनाची पूड. लहानपणी असाच दिसायचा. मी बाटली त्याच्या हातात दिली. लिफ्ट आली. तो आत गेला, हात वर केला, ओठ मिटलेले. मी त्याच्या ओठांवरची नजर हलवली नाही. दार दोन्ही बाजूंनी येऊन बंद झालं, आणि ते बंद होईपर्यंत ओठ मिटलेलेच होते.

मी आत आले. जाळीचं दार ओढून घेतलं. नळ अजून वाजत होता, पण लांब कुठेतरी वाजावा तसा. खाली मुलं खेळत असतात त्यांचा आवाज नव्हता. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. त्या खोलीतली शांतता मला आता ओळखू येते.

"तो दाराशी काय म्हणाला?"

मी वळले नाही. पदराला हात पुसले, सरळ उभी राहिले, आणि आयुष्यात इतकं खरं मी कधी बोलले नसेन. "काही म्हणाला नाही. न बोलता गेला."

पुढचा प्रश्न आला नाही. कित्येक आठवड्यांनी माझ्या छातीत हवा शिरली. रडू येत नव्हतं, उलट हसू यायला लागलं होतं. पोरगं एव्हाना खाली पोचलं असेल, पासिर रिसच्या बसला उभं असेल, लाडू गिळून पाणी पीत असेल.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

हे बाहेर आले. ओल्या हातांवरून पाणी ठिबकत होतं, ते पुसत नव्हते. जेवणाच्या टेबलापाशी आले आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभे राहिले, कठड्याशी उभं राहावं तसे.

"म्हणाला," हे म्हणाले. "मी आत होतो, पण मला स्वच्छ ऐकू आलं."

"अहो, काय बोलताय? त्याच्या तोंडात लाडू होता. मी होते ना तिथे!"

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, थोडं वर, उंचावर बसलेल्या माणसाकडे बघतात तसं. चेहरा शांत होता. ऑफिसात वरिष्ठांनी काही विचारलं की यांचा असाच चेहरा होत असणार.

"येतो, आई, असं म्हणाला," त्यांनी सांगितलं. "होय. शपथेवर."

माझ्यामागे खुर्च्या सरकल्या, एक नव्हे, बऱ्याच. जाड कागद मिटल्यासारखा आवाज झाला. मी जाळीचं दार ढकलून कॉरिडॉरमध्ये धावले आणि कठड्यावरून खाली वाकले.

सारंग कार पार्क ओलांडत होता. बस स्टॉप डावीकडे आहे, तो उजवीकडे निघाला होता. मी हाक मारली. माझी हाक माझ्याच कानांना ऐकू आली नाही. त्याच्या आसपास कुणीच नव्हतं, एक मांजरसुद्धा नाही. तरी तो दोघांच्या मधून चालावं तसा, अंग चोरून, सरळ चालत होता, आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.